निरंक गावे, आजारी शहर

सोलापूर किंवा नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातले मूल गोवरानंतर छाती भरून अत्यवस्थ झाले, त्याला पुण्याला ससूनमध्ये आणले आणि तिथे ते दगावले, तर तो मृत्यू पुणे शहराच्या खात्यावर चढतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे घटना जिथे घडली तिथेच ती नोंदवायची असते. मूल राहणारे कुठले हा तपशील अर्जात येतो, पण वही पुण्याची. ज्या वस्तीत गोवर पसरला होता, ज्या अंगणवाडीत आणखी चार पोरे तापाने फणफणत होती, तिथल्या वहीत त्या महिन्यात कदाचित एक ओळही पडत नाही. मग जिल्हावार कोष्टके निघतात, त्यांचे नकाशे रंगवले जातात, आणि वाचणाऱ्याला वाटते की शहरात मुलांचे आजार फार, त्या मानाने खेडी निरोगी. बालपणीच्या साथींच्या नोंदीत मुलखामुलखांत जो फरक दिसतो, त्यातला मोठा वाटा रोगाचा नसून नोंद घेणाऱ्या व्यवस्थेचा असतो, असे माझे म्हणणे आहे. पुणे आणि भोवतालचा मुलूख याला साक्षीला घेता येतो, कारण देवी, गोवर आणि पोलिओ या तिन्ही रोगांची इथली मोजणी दीडशे वर्षांत कशी बदलत गेली हे बऱ्यापैकी माहीत आहे.

इंग्रजी अमलात गावच्या जन्ममृत्यूची वही पाटील-कुलकर्ण्यांच्या गळ्यात पडली. शेतसारा, गुन्हे, वरून येणारे हुकूम, या सगळ्यात ते आणखी एक काम. मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजके होते: पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात, आणि राहिलेले सगळे 'इतर'. पटकी आणि देवी ओळखायला वैद्य लागत नव्हता. गोवराची गोष्ट वेगळी. गोवराने मूल बहुधा पुरळ असताना मरत नाही. पुरळ मावळल्यावर जुलाबाने, न्यूमोनियाने, खंगत जाऊन मरते. असे मूल वहीत तापात जाई किंवा हगवणीत, आणि अंगावरचे पुरळ लिहिणाऱ्याच्या लक्षात राहिले असेल तर देवीतही. शेजारशेजारच्या दोन गावांत एकच साथ येऊन गेली, तरी दोन कुलकर्ण्यांच्या हातून तिचे दोन वेगळे रोग होऊ शकत. शहरात चित्र निराळे होते. पुण्याची नगरपालिका १८५७ सालची, ससून रुग्णालय १८६७ चे, उपनगरांची वेगळी नगरपालिका १८८४ ची. पुणे आणि खडकी या दोन लष्करी छावण्या त्याहून जुन्या, आणि तिथे लष्करी डॉक्टर होते. हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला १८५९ साली शाही आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला, आणि सरकारची आरोग्याची आकडेवारी मुख्यतः त्या चिंतेतून उभी राहिली. गोऱ्या शिपायाला कोणता रोग होतो हे आधी मोजले गेले, मग त्याच्या छावणीला लागून असलेल्या वस्तीतला, आणि खेड्यातल्या रयतेच्या पोराचा सर्वांत शेवटी. पुण्यापासून हाकेच्या अंतरावरचे भोर १९४८ पर्यंत संस्थान होते, त्यामुळे ब्रिटिश जिल्ह्याच्या कोष्टकात तिथली मुले धरलीच जात नव्हती. आज ज्याला आपण पुणे जिल्हा म्हणतो त्याचा जुना आलेख काढायला बसले, तर मधूनच डोंगराएवढा तुकडा गायब असतो. तिथे देवी नव्हत्या असे कोण म्हणेल?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो बराच काळ सरकारी अहवालांतही होता: लोकच अडाणी होते, देवीला माता मानत, आजार लपवत, मग नोंद होणार कशी? या आक्षेपात अर्धेच सत्य आहे. देवी ही ईश्वरी अवकृपा किंवा ईश्वराचे येणे मानले जाई, औषध देऊ नये अशी समजूत होती, टोचून घ्यायला विरोध होता, हे सगळे खरे. पण लपवणे खरे नाही. घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला जाई, फोडणी बंद होई, बाहेरच्याला उंबरठ्याच्या आत येऊ देत नसत, आणि खपल्या पडल्यावर लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालून देवीला ओटी-नैवेद्य होई. यातली एकही गोष्ट गुपचूप होणारी नाही. दारावरचा डहाळा ही आळीला दिलेली उघड सूचनाच होती, आणि बऱ्याच अंशी ते विलगीकरणही होते. पुण्यात शितळादेवीच्या नावाचा चौक आजही आहे. शहराने हा रोग पोटात दडवून ठेवला नव्हता, त्याला चव्हाट्यावर जागा दिली होती. कोणत्या घरात देवी आहेत हे वाड्यातल्या, आळीतल्या प्रत्येक बाईला माहीत असे. ही माहिती उंबरठ्यापासून वहीपर्यंत पोचत नव्हती, कारण वहीवाला ती विचारायला येत नव्हता, आणि आला तर ज्यांना माहीत होते त्या बायकांना विचारत नव्हता. देवीनिर्मूलनाच्या शेवटच्या वर्षांत आरोग्य कर्मचारी देवी आलेल्या मुलाचे चित्र असलेले कार्ड घेऊन शाळांत आणि बाजारांत फिरले, तेव्हा त्याच 'अडाणी' लोकांनी आणि शाळकरी पोरांनी घरे दाखवली. समजूत बदलायला पिढ्या लागतात. इथे फक्त प्रश्न विचारणारा बदलला होता.

लोकांनी खरोखर आजार लपवला, तो कधी आणि का, याचे उत्तरही पुण्यातच मिळते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि रँडच्या प्लेग समितीने शहरात सोजीर घालून घरे तपासायला सुरुवात केली. नोंद झाली की रोगी उचलून नेणार, नातेवाईक छावणीत जाणार, घरातले सामान बाहेर पडणार, देवघरापर्यंत बूट जाणार. मग रोगी माळ्यावर, शेजारच्या वाड्यात, गावाबाहेर नेऊन दडवले गेले. प्लेग हा काही फक्त मुलांचा रोग नव्हे, पण नोंदीच्या इतिहासात त्याने जे घडवले ते मुलांच्या रोगांनाही लागू झाले. नोंद करणे म्हणजे घर सरकारच्या हवाली करणे, ही भीती त्या वर्षी शहराच्या मनात रुतली. देवीच्या डहाळ्याने जे सांगितले जात होते ते प्लेगच्या काळात सांगणे बंद झाले, आणि माणसे तीच होती. तेव्हा एखाद्या वस्तीतून आजार कळत नाहीत असे दिसले, तर त्या वस्तीच्या शिक्षणाकडे बोट दाखवण्याआधी कळवल्यावर तिथे काय होते हे पाहावे. मुंबईतल्या गोवंडीत किंवा मालेगावात २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ आली तेव्हाही, 'हे लोक लस घेत नाहीत' हे वाक्य फार लवकर उच्चारले गेले, आणि तिथे आरोग्यसेविका किती घरांमागे एक आहे हा प्रश्न मागे राहिला.

वही कमी सांगते हे नुसते तर्काने म्हणण्याची गरज नाही. वहीला वळसा घालून मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि त्यांनी प्रत्येक वेळी तेच दाखवले. देवीच्या बाबतीत निसर्गाने स्वतंत्र पुरावा ठेवला होता. ज्या मुलाला देवी येऊन गेल्या त्याच्या चेहऱ्यावर व्रण राहतात. गावातल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे चेहरे पाहिले, की मागच्या चारपाच वर्षांत किती मुलांना देवी आल्या आणि त्यातून जगली किती याचा अंदाज बांधता येई, आणि मग तो वहीशी ताडता येई. १९६७ साली जगभरातून जागतिक आरोग्य संघटनेकडे सुमारे १ लाख ३१ हजार रुग्ण नोंदले गेले. खरे रुग्ण १ ते दीड कोटी असावेत असा नंतरचा अंदाज आहे. म्हणजे शंभरात एक. श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत: लस येण्यापूर्वी अमेरिकेत दरवर्षी गोवराचे ३०-४० लाख रुग्ण होत आणि नोंद सुमारे ५ लाखांची होई. खुद्द पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जननमरणाची पाहणी केली आणि ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे बळ नोंदवहीत नव्हते, ते घरोघरी जाऊन कुटुंबांना विचारण्यात होते. पुढे २००१ साली डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल दिला, तेव्हा गावोगाव जाऊन मोजलेले बालमृत्यू आणि सरकारी कागदावरचे बालमृत्यू यांतली दरी विधिमंडळापर्यंत गेली. गोवरापुरते बोलायचे तर, घरच्यांना लक्षणे विचारून मृत्यूचे कारण ठरवण्याच्या पद्धतीने झालेल्या देशव्यापी अभ्यासात २००५ साली भारतात गोवराने सुमारे ९२ हजार लहान मुले गेली असावीत असे निघाले. सरकारी आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. देशात ज्या मृत्यूंची नोंद होते त्यांतल्याही जेमतेम पाचव्या भागाला डॉक्टरने लिहून दिलेले कारण असते, हे ध्यानात घेतले तर आश्चर्य वाटू नये.

आता दुसरा आक्षेप, आणि हा पहिल्यापेक्षा वजनदार आहे. सगळे फरक नोंदीचेच कसे असतील? लसीकरण कमी, घरे दाटीची, मुले कुपोषित, अशा ठिकाणी गोवर खरोखरच जास्त पसरतो आणि जास्त मारतो. मेळघाटातले किंवा नंदुरबारमधले मूल आणि कोथरूडमधले मूल यांचा धोका सारखा नाही. हे मान्यच केले पाहिजे, आणि मी ते नाकारत नाही. पण यातून माझा मुद्दा दुबळा होत नाही, उलट अधिक गंभीर होतो. ज्या कारणांनी रोग वाढतो त्याच कारणांनी नोंद घटते. जिथे आरोग्यसेविका महिनोन्महिने पोचत नाही तिथे लसही पोचत नाही आणि आजाराची खबरही बाहेर येत नाही. त्यामुळे खरा फरक आणि नोंदीतला फरक एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात, आणि कागदावर सर्वांत स्वच्छ तेच गाव दिसते जे प्रत्यक्षात सर्वांत उघडे पडलेले असते. मग दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? पोलिओच्या मोहिमेने याचे फार चांगले उत्तर शोधले. १९९७ पासून देशात लुळेपणाची पाहणी सुरू झाली, आणि तिचा नियम असा की पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, मग कारण काहीही वाटो, तर कळवायचे आणि चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. पोलिओ नसतानाही इतर कारणांनी दर लाख मुलांमागे वर्षाला किमान एका मुलाला असा लुळेपणा येतोच. भारताने पुढे ती अपेक्षा दोनवर नेली. एखाद्या जिल्ह्यातून तेवढी पोलिओ नसलेली मुलेही कळवली गेली नाहीत, तर त्या जिल्ह्यात पोलिओ नाही असे म्हणायचे नाही, तिथे पाहणीच नाही असे म्हणायचे. गोवर-रुबेलाच्या पाहणीतही आता हेच माप आहे: ताप आणि पुरळ म्हणून कळवलेले आणि तपासून गोवर-रुबेला नाही असे ठरलेले रुग्ण दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला किमान दोन तरी हवेत. दर आठवड्याचा 'निरंक' अहवाल त्यासाठीच मागितला जातो. ज्याने पाहिले, शोधले आणि काही सापडले नाही म्हणून निरंक लिहिले, त्याचा निरंक आणि न पाहता सवयीने लिहिलेला निरंक यांतला फरक या मापाने उघडा पडतो. रोग मोजण्याआधी मोजणारा मोजायचा, ही कल्पना मला गेल्या पन्नास वर्षांतल्या सार्वजनिक आरोग्याच्या मोठ्या शोधांपैकी वाटते, आणि तिच्यासाठी नवे यंत्र लागले नाही.

कोणी असेही म्हणेल की नोंद कमी असली तरी ती दरवर्षी सारखीच कमी असते, म्हणून चढउतार तरी खरे मानता येतील. तसे झाले असते तर फार सोपे होते. पण साथीची बातमी आली की डॉक्टर प्रत्येक पुरळाकडे गोवर म्हणून पाहतात आणि कळवणे वाढते. लसीकरण चांगले झाले की तरुण डॉक्टरने गोवर पाहिलेलाच नसतो आणि तो ॲलर्जी लिहून मोकळा होतो. नोंदीचे प्रमाण रोगाबरोबर हलते. स्थिर राहत नाही.

पुण्यात तर ते सरहद्दीबरोबरही हलते. १९५० साली महानगरपालिका झाली, पण छावण्या वेगळ्याच राहिल्या. पलीकडे पिंपरी-चिंचवड १९८२ पासून स्वतंत्र महानगरपालिका आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुण्यात आली. गाव हद्दीत आले की काल ग्रामपंचायतीच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत जाणारे मूल आज महापालिकेच्या वहीत जाते, आणि आलेखावरची उडी पाहून कुणी साथीचा निष्कर्ष काढू शकतो. राष्ट्रीय विषाणू संस्था, जी १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली, ती याच शहरात आहे. गोवराची लस जगभर पाठवणारी सिरम इन्स्टिट्यूट इथलीच. बालरोगतज्ज्ञांची संख्या मोठी. इतके सगळे जिथे आहे तिथे रोग सापडणे सोपे, म्हणून सापडलेले रोग जास्त. आणि तरीही याच शहराच्या कडेला आंधळ्या जागा आहेत. वाघोलीच्या किंवा हिंजवडीच्या बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारी मुले, वीटभट्टीवरची मुले, हंगामात बीडहून बारामती-दौंडकडे ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांतली मुले, ही गावच्या आशाताईंच्या यादीत असतात पण गावात नसतात, आणि इथे असतात पण इथल्या यादीत नसतात. आजारी पडली की मुकादमाच्या ओळखीच्या खाजगी दवाखान्यात जातात. त्या दवाखान्यातून वर कळवले गेले नाही, तर त्या मुलाचा गोवर महाराष्ट्रातल्या कोणत्याच तालुक्यात झालेला नसतो.

शेवटचा आक्षेप प्रशासनाचा आहे, आणि तो बोलून दाखवला जात नाही, पाळला जातो: आकडे वाढवून दाखवले तर ज्याच्या हद्दीत वाढले त्यालाच जाब विचारतील. देवी डॉक्टर म्हणून गावोगाव फिरणाऱ्या लसटोचकाची हीच अडचण होती. त्याच्या कामाचे माप टोचलेल्या मुलांची संख्या हे होते, आणि त्याच्याच भागात देवी निघाल्या म्हणजे त्याचे टोचणे फुकट गेले असा अर्थ वर लावला जाई. मग त्याने साथ कळवावी का? राज्याराज्यांत नोंदीचा जो फरक १९७० च्या सुमारास दिसत होता, त्यात या भीतीचा भाग मोठा होता. देवीनिर्मूलन मोहिमेने दोन गोष्टी केल्या. ऑक्टोबर १९७३ पासून ठरावीक दिवसांत गावोगाव आणि पुढे घरोघर शोध सुरू झाला, आणि पहिल्याच शोधात उत्तर प्रदेश व बिहारमध्ये हजारो असे रुग्ण सापडले ज्यांची आठवड्याच्या अहवालात दखल नव्हती. महाराष्ट्रात तोवर स्थानिक साथ आटोक्यात आली होती, पण तिथून येणाऱ्या मजुरांबरोबर देवी येत, म्हणून उत्तरेतले न नोंदलेले गाव हा इथल्याही मुलांचा प्रश्न होता. दुसरी गोष्ट, रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस, आणि ते कळवणाऱ्या कर्मचाऱ्यालाही. रक्कम वाढत वाढत १,००० रुपयांपर्यंत गेली. ज्या बातमीबद्दल काल मेमो मिळत होता तिच्याबद्दल आज पैसे मिळू लागले. परिणाम म्हणून १९७४ साली भारतात देवीचे १,८८,००३ रुग्ण आणि ३१,२६२ मृत्यू नोंदले गेले, अनेक वर्षांतला सर्वांत मोठा आकडा, आणि परदेशी वर्तमानपत्रांत मोहीम फसल्याचे लिहून आले. त्या वर्षी साथही खरोखर मोठी होती, पण ती प्रथमच पुरती दिसली होती, आणि दिसली म्हणून प्रत्येक रुग्णाभोवतीची घरे गाठून टोचता आली. १९७५ मध्ये नोंद १,४३६ वर आली, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यानंतर देशात देवीचा एकही रुग्ण सापडला नाही.